नवरा अमेरिकेत, बायको गावी: पगारातील करकपात आणि एकत्रित विवरणपत्र कसे ठरवावे

माझ्या भाचीचे लग्न २०२५ च्या डिसेंबरात मोर्शी तालुक्यातील आमच्या गावी झाले. जावई एच-१बी व्हिसावर अमेरिकेत नोकरीला आहेत आणि भाची एच-४ या जोडीदारासाठीच्या व्हिसाच्या मुलाखतीची वाट पाहत माहेरी आहे. फेब्रुवारीत फोनवर बोलता बोलता जावई म्हणाले, "मामा, ती अजून इकडे आलेली नाही, तेव्हा यंदाचा टॅक्स मी सिंगल म्हणूनच भरतो." ही समजूत आपल्याकडच्या बऱ्याच घरांत आहे आणि ती चुकीची आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेचा करकायदा ३१ डिसेंबर रोजी तुमचे लग्न झालेले होते का, हे पाहतो. त्या दिवशी बायको गावी होती एवढ्यावरून कोणी 'सिंगल' ठरत नाही. ग्रामपंचायतीच्या विवाह नोंदणी दाखल्यावर डिसेंबरची तारीख आणि त्याच वर्षाच्या विवरणपत्रावर 'सिंगल', असे दोन कागद पुढे ग्रीन कार्डच्या प्रकरणात एकाच फाईलमध्ये आले, तर खुलासा करत बसावे लागते. तसे विवरणपत्र आधीच गेले असल्यास १०४०-एक्स या फॉर्मवर दुरुस्ती करून घ्यावी आणि तिची प्रत जपून ठेवावी.

नवरा स्वतः करापुरता 'रहिवासी' आहे का, हे आधी तपासावे. चालू वर्षात किमान ३१ दिवस मुक्काम असून चालू वर्षाचे सगळे दिवस, मागील वर्षाचे एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षाचे एक षष्ठांश दिवस मिळून १८३ भरले, तर तो रहिवासी ठरतो. एफ-१ या शिक्षणाच्या व्हिसावरील विद्यार्थ्याचे पहिल्या ५ कॅलेंडर वर्षांतील दिवस साधारणपणे यात मोजले जात नाहीत. त्याने १०४०-एनआर हे अनिवासींचे विवरणपत्र भरायचे असते, आणि बायकोही भारतात असेल तर एकत्रित विवरणपत्र त्याला भरता येत नाही.

रहिवासी नवऱ्याला मात्र दोन मार्ग आहेत. विवाहित पण स्वतंत्र विवरणपत्र भरावे, किंवा पत्नीलाही पूर्ण वर्षासाठी अमेरिकेची रहिवासी मानावे असे दोघांच्या सहीचे निवेदन जोडून एकत्रित भरावे. २०२५ या वर्षासाठी प्रमाणित वजावट (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) स्वतंत्र भरल्यास १५,७५० डॉलर आणि एकत्रित भरल्यास ३१,५०० डॉलर आहे. पगार ९०,००० डॉलर असून दुसरे उत्पन्न नसेल, तर स्वतंत्र भरल्यास केंद्रीय कर सुमारे ११,२५० डॉलर येतो आणि एकत्रित भरल्यास सुमारे ६,५४०.

एवढा फरक पाहून लगेच सही करण्याचा मोह होतो, पण आपल्या भागात इथेच थांबून विचार करायला हवा. ते निवेदन दिले की पत्नीचे जगभरातील उत्पन्न अमेरिकेच्या कराखाली येते. भाचीच्या नावे सातबाऱ्यावर संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचा सौदा झाला की पैसे तिच्याच खात्यात जमा होतात. भारतात शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून ते कुठे दाखवावे लागेल असे कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेत मात्र अशी सूट नाही. खर्च वजा जाता उरलेला नफा एकत्रित विवरणपत्रात दाखवावाच लागतो, आणि भारतात त्यावर कर भरलेला नसल्यामुळे परदेशी कराचे क्रेडिटही, म्हणजे परदेशात भरलेल्या कराची अमेरिकेच्या करातून वजावट, मिळत नाही. बँकेतील मुदत ठेवीच्या व्याजाचे तसे नाही, कारण तिथे भारतात भरलेल्या कराचे क्रेडिट मागता येते. म्हणून खत, फवारणी आणि मजुरीच्या पावत्या सांभाळून निव्वळ नफा काढावा आणि दोन्ही पद्धतींनी हिशेब करून मगच ठरवावे. बाग मोठी असेल, तर स्वतंत्र विवरणपत्रच परवडेल असेही निघू शकते.

एकत्रित भरायचे ठरल्यास पत्नीला करासाठी ओळख क्रमांक लागतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळण्यासारखी स्थिती नसेल, तर डब्ल्यू-७ फॉर्म भरून आयटीआयएन हा करदात्याचा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या खात्याने प्रमाणित केलेली प्रत लागते. तहसील कचेरीबाहेरच्या नोटरीचा शिक्का चालत नाही. व्हिसाची मुलाखत तोंडावर असताना मूळ पासपोर्ट टपालाने अमेरिकेला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा नवऱ्याने मुदतीत स्वतंत्र विवरणपत्र भरावे, पत्नीच्या क्रमांकाच्या जागी 'एनआरए' (अनिवासी परदेशी) लिहावे, आणि ती तिकडे पोहोचल्यावर अमेरिकेच्या करखात्याने मान्यता दिलेल्या एजंटाकडून पासपोर्ट तपासून घेऊन १०४०-एक्सने एकत्रित करून घ्यावे. स्वतंत्रवरून एकत्रितवर येण्यासाठी मूळ मुदतीपासून ३ वर्षे मिळतात. एकत्रितवरून स्वतंत्रवर मात्र मुदत उलटल्यावर जाता येत नाही. डब्ल्यू-७ वरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरन् अक्षर जुळावे. सातबाऱ्यावर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, असे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवावा.

पगारातील कपातीसाठी कंपनीला डब्ल्यू-४ हा फॉर्म द्यावा लागतो. एकत्रित भरण्याचे पक्के होईपर्यंत त्यात 'सिंगल किंवा विवाहित स्वतंत्र' हाच रकाना ठेवावा. जास्त कापलेला कर परत मिळतो, पण 'विवाहित एकत्रित' लिहून नंतर स्वतंत्र भरले तर एप्रिलमध्ये मोठी रक्कम एकदम भरावी लागते. जो स्वतः अनिवासी आहे, त्याला लग्न झालेले असले तरी 'सिंगल'चाच रकाना निवडावा लागतो. पुढे पत्नीलाही कामाचा परवाना मिळून नोकरी लागली आणि घरात दोनच नोकऱ्या असल्या, तर दोघांनीही आपापल्या फॉर्मच्या दुसऱ्या टप्प्यातील चौकटीत खूण करावी, नाहीतर दोन्हीकडून कपात कमी पडते.

एकत्रित विवरणपत्रावरील पूर्ण कराची जबाबदारी दोघांवर असते, कमाई एकाची असली तरीही. म्हणून भाचीला सांगितले आहे की, सहीचे एकच पान आले तर सही करू नकोस. पूर्ण विवरणपत्र मागवून घे, बागेचा आकडा त्यात बरोबर आला आहे का ते पाहा, आणि मग सही कर.