लॅपटॉपवर वाय-फाय मंद चालत असेल, तर या चुका टाळा

घरातले वाय-फाय मंदावले की बहुतेक जण आधी राउटर बंद करून पुन्हा सुरू करतात, त्याने भागले नाही तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे तक्रार करतात आणि तरीही फरक पडला नाही तर जास्त वेगाचा प्लॅन किंवा नवा राउटर घेतात. यांतला एकही उपाय मुळात चुकीचा नाही. चूक होते ती वेग नेमका कुठे अडतो आहे हे न पाहता उपाय करत सुटण्यात. इंटरनेट तीन टप्प्यांतून आपल्यापर्यंत येते: बाहेरून राउटरपर्यंतची लाइन, राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचे वाय-फाय आणि स्वतः लॅपटॉप. त्यांतला सर्वांत मंद टप्पा एकूण वेग ठरवतो, त्यामुळे उरलेल्या दोहोंवर केलेला खर्च आणि खटाटोप वाया जातो.

न मोजताच दोष देणे

प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये सांगितलेला असतो, तर फाइल डाउनलोड होताना ब्राउझर सहसा मेगाबाइटचा आकडा दाखवतो. 8 बिटांचा एक बाइट होतो, म्हणून 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला 100 मेगाबिटच्या) लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त 12.5 मेगाबाइट येऊ शकतात. तिथे 11 दिसत असेल, तर काहीही बिघडलेले नाही.

याहून मोठी चूक म्हणजे आतल्या खोलीत बसून वाय-फायवर स्पीड टेस्ट घेणे आणि त्या आकड्यावरून लाइनला दोष देणे. लाइनचा खरा वेग पाहायचा असेल, तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सेवा) असेल तर बंद करावे, इतर उपकरणांवरची डाउनलोड थांबवावीत आणि मग टेस्ट घ्यावी. लॅपटॉपला केबलचे पोर्ट नसेल, तर यूएसबीला लावायचे अडॅप्टर चालते. या चाचणीतही एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: प्लॅन 200 किंवा 300 एमबीपीएसचा असूनही आकडा दर वेळी 94-95 च्या आसपासच थांबत असेल, तर संशय केबलवर किंवा पोर्टवर घ्यावा. गिगाबिट (1000 एमबीपीएसच्या) जोडणीला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 एमबीपीएसची जोडणी मात्र दोनच जोड्यांवर चालते. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी इंटरनेट बंद पडत नाही, ते फक्त खालच्या वेगावर येते आणि दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही. काही राउटरची पोर्टच मुळात 100 एमबीपीएसची असतात, हेही तपासून घ्यावे.

केबलवर पूर्ण वेग मिळाला आणि वाय-फायवर मिळाला नाही, तर लाइन निर्दोष आहे. आता लॅपटॉपवरचा ‘लिंक स्पीड’ पाहावा. विंडोजमध्ये तो जोडलेल्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतो. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वरच्या पट्टीतील वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की ‘टीएक्स रेट’ या नावाने दिसतो. हा इंटरनेटचा वेग नव्हे, तर राउटर आणि लॅपटॉप यांच्यात त्या क्षणी ठरलेला वेग असतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या साधारण निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंतच हाती लागते. इथे 72 हा आकडा दिसत असेल, तर लॅपटॉप बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्या मंद रेडिओ पट्ट्यावर (बँडवर), एकाच अँटेनाने जोडलेला आहे. अशा वेळी 200 एमबीपीएसचा प्लॅन 500 चा करून घेतला, तरी तिळमात्र फरक पडणार नाही. या एका आकड्याकडे आधी पाहिले, तर पुष्कळ लोकांचा नव्या राउटरचा खर्च वाचेल, असे माझे ठाम मत आहे.

पूर्ण रेंजवर विसंबणे

वाय-फायच्या चिन्हातल्या सर्व रेघा भरलेल्या असल्या, तरी त्या फक्त सिग्नलची ताकद सांगतात. त्या चॅनेलवर, म्हणजे बँडच्या ज्या भागात राउटर चालतो तिथे, किती गर्दी आहे हे सांगत नाहीत. 2.4 गिगाहर्ट्झचा बँड भिंतींतून चांगला पोहोचतो, पण त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. 5 गिगाहर्ट्झवर वेग जास्त आणि गर्दी कमी असते, मात्र भिंती मध्ये आल्या की तो लवकर क्षीण होतो. दोन्ही बँडांना एकच नाव दिलेले असले, की राउटरशेजारी असूनही लॅपटॉप कधीकधी 2.4 लाच चिकटून राहतो. राउटरच्या सेटिंग्जमध्ये दोघांना वेगळी नावे देऊन लॅपटॉप 5 ला जोडणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

2.4 वरच राहणे भाग असेल, तर चॅनेल 1, 6 किंवा 11 निवडावे. मधले 3 किंवा 4 मोकळे दिसते म्हणून ते निवडण्याचा मोह होतो. पण शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढलेले असल्यामुळे तिथे 1 आणि 6 या दोन्हींचा त्रास होतो. राउटरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी असे जुने पर्याय राहिले असतील, तर नव्या उपकरणांचा वेगही 54 एमबीपीएसच्या जुन्या मर्यादेत अडकतो. तिथे डब्ल्यूपीए2-एईएस किंवा डब्ल्यूपीए3 निवडावे. सुरक्षेच्या दृष्टीनेही ते आवश्यकच आहे.

राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर ठेवू नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. लॅपटॉपला लावलेल्या हार्ड डिस्ककडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. यूएसबी 3 ची उपकरणे चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरतो, आणि याविषयी इंटेलने 2012 मध्ये तांत्रिक टिपणही प्रसिद्ध केले होते. बॅकअप सुरू केला की वाय-फाय आणि ब्लूटूथ माउस दोन्ही अडखळू लागत असतील, तर डिस्क काढून लिंक स्पीड पुन्हा पाहावा. तो लगेच वर गेला, तर दोषी सापडला. मग डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावावी, चांगल्या शील्डिंगची लांब केबल वापरून ती लॅपटॉपपासून दूर ठेवावी किंवा सरळ 5 गिगाहर्ट्झवर जावे.

रिपीटर (राउटरचा सिग्नल पुढे पोहोचवणारे उपकरण) घेतला, तर तो सिग्नल पोहोचत नाही त्या खोलीत ठेवू नये. ज्याला स्वतःलाच सिग्नल मिळत नाही, तो पुढे काय देणार? तो राउटर आणि त्या खोलीच्या मध्ये असावा. एकाच बँडवर घेणे आणि देणे करणाऱ्या रिपीटरचा वेग जवळजवळ निम्मा होतो, म्हणून शक्य असेल तिथे केबल ओढणेच श्रेयस्कर.

लॅपटॉपच्या आत न डोकावणे

फोनवर वेग उत्तम आणि त्याच जागी लॅपटॉपवर मंद असेल, तर शोध लॅपटॉपमध्येच घ्यावा. पार्श्वभूमीवर चालणारे क्लाउड बॅकअप हे नेहमीचे कारण आहे. फोटो वर चढवल्याने डाउनलोड कसे मंदावेल, असे अनेकांना वाटते. पण डाउनलोड होणाऱ्या माहितीची पोच लॅपटॉपला सतत परत पाठवावी लागते, आणि अपलोडची वाट तुंबली की ती पोच रखडते व डाउनलोडही रखडते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कचा स्तंभ पाहिला, की कोणता प्रोग्रॅम वाट अडवून बसला आहे ते कळते. बॅटरीवर असतानाच वेग घसरत असेल, तर वायरलेस अडॅप्टरची वीजबचत बंद करून पाहावी.

वाय-फायचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. इंटरनेटचा वेग वाढवून देण्याचे आश्वासन देणारी सॉफ्टवेअर अजिबात टाकू नयेत. डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलल्याने पान उघडण्याच्या सुरुवातीचा विलंब थोडा कमी होऊ शकतो, मोठ्या फाइलच्या डाउनलोडचा वेग मात्र वाढत नाही.

घाईने रीसेट करणे

राउटर बंद करून सुरू करणे आणि तो रीसेट करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मागच्या बारीक छिद्रात पिन दाबून धरली, की वाय-फायचे नाव व पासवर्ड तर जातातच, शिवाय काही जोडण्यांमध्ये कंपनीने भरून दिलेले लॉगिनही पुसले जाते, आणि मंद का होईना चालू असलेले इंटरनेट पूर्ण बंद पडते. रीसेटपूर्वी ते लॉगिन हाताशी असल्याची खात्री करावी. विंडोजमधले नेटवर्क रीसेटही शेवटीच करावे, कारण त्यात साठवलेले सर्व वाय-फाय पासवर्ड जातात; त्याआधी केवळ ते एक नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडून पाहावे.

कोणताही बदल करताना एका वेळी एकच करावा आणि त्याच जागेवरून पुन्हा मोजावे. हे सर्व करूनही केबलवरचाच आकडा कमी येत असेल, किंवा फक्त संध्याकाळी घसरत असेल, तर दोष बहुधा घराबाहेर आहे. त्या वेळी निरनिराळ्या वेळांचे केबलवरचे आकडे तारखेसह लिहून तक्रारीला जोडावेत, म्हणजे ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढ्यावर तक्रार मिटवता येणार नाही.