ॲक्टिव्ह स्पीकर घ्यावेत की पॅसिव्ह?
टीव्ही किंवा लॅपटॉपच जोडायचाय आणि खोली दहा बाय बाराची आहे? मग सरळ ॲक्टिव्ह घ्या. ॲम्प्लिफायर (आवाजाचा सिग्नल मोठा करणारं यंत्र) आतच असतो. जोडल्यावर सतत घूंऽ आवाज आला तर टीव्ही आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा, नाहीतर ऑप्टिकल केबल (प्रकाशाने सिग्नल नेणारी) वापरा.

पुढेमागे ॲम्प्लिफायर बदलायची हौस असेल तर पॅसिव्हच, त्यांना ॲम्प्लिफायर वेगळा लागतो. पण आधी ओहम (विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) बघा. ॲम्प्लिफायरवर ‘६ ते १६ ओहम’ लिहिलं असेल तर ४ ओहमचे स्पीकर जोडू नका. आवाज वाढवला की ॲम्प्लिफायर तापून बंद पडू शकतो. ८ ओहमच्या स्पीकरला पाच-सात मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. टोकं साधारण १० मिलिमीटर सोला आणि तारा घट्ट पिळा, कारण एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला (वायर जोडायच्या खुंटीला) टेकली तरी शॉर्ट होतं. लाल-काळं टर्मिनल एका स्पीकरला उलटं लागलं, तर बास (खालचे, जाड सूर) पार गायब होतो.