कोडिंग सोडून तंत्रज्ञानातच दुसरे काम शोधताय? या चुका टाळा

मराठवाड्यातून पुण्याला किंवा बंगळूरला गेलेल्या अनेक सॉफ्टवेअर अभियंत्यांना काही वर्षांनी कोड लिहिणे नकोसे होते, पण तंत्रज्ञानाचे क्षेत्र सोडवत नाही. त्यांच्यासाठी पर्याय पुष्कळ आहेत. बहुतेकांचे गणित चुकते ते निवड करताना.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आपल्याला नेमका कशाचा कंटाळा आला आहे हे न तपासणे. रात्री-अपरात्री येणाऱ्या सपोर्टच्या फोनमुळे जो त्रासला आहे, त्याने डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून ते अखंड चालू ठेवण्याचे काम) किंवा सायबर सुरक्षेच्या देखरेखीचे काम घेतले, तर तेथेही रात्रपाळी त्याचा पिच्छा सोडणार नाही. ज्याला बैठकांचा वीट आला आहे, त्याने बिझनेस अ‍ॅनालिस्ट, म्हणजे ग्राहकाच्या गरजा समजून घेऊन त्या टीमपुढे मांडणारा विश्लेषक होणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. महिनाभर रोजच्या कामाची नोंद ठेवावी आणि कोणत्या कामात मन रमले, कोणत्या कामात जीव गुदमरला, हे लिहून काढावे. कंटाळा कोडचा नसून वरिष्ठांच्या वागण्याचा आहे असे त्यातून दिसले, तर कंपनी बदलावी, क्षेत्र नव्हे.

दुसरी चूक प्रमाणपत्रांच्या मागे धावण्याची. टेस्टिंगमधील आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र संस्थेच्या पायाभूत परीक्षेत ४० प्रश्न असतात आणि २६ गुणांना उत्तीर्ण होता येते. मुलाखतीत मात्र समोर लॉगिनचे पान ठेवून ‘हे कसे तपासाल?’ असे विचारले जाते. तांत्रिक लेखनाकडे वळणाऱ्याने एखाद्या मुक्त-स्रोत प्रकल्पाच्या एपीआयची (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलण्याच्या दुव्याची) माहितीपुस्तिका नमुना विनंती, उत्तर आणि त्रुटी-संकेतांसह लिहून दाखवावी. माझ्या मते असा एक नमुना तीन प्रमाणपत्रांहून अधिक बोलतो.

मुलाखतीचे बोलावणेच येत नसेल, तर दोष बहुधा बायोडेटात असतो. विश्लेषकाच्या जागेसाठी अर्ज करताना ‘जावा, स्प्रिंग बूट, मायएसक्यूएल’ ही यादी वर ठेवू नये. गोदामातील साठ्याची नोंद कोण, केव्हा आणि कशी करत होते व आपल्या प्रणालीमुळे त्यात काय बदलले, हे आधी मांडावे.

छत्रपती संभाजीनगरला परतू इच्छिणाऱ्यांसाठी वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांतील ऑटोमेशन हा मला सर्वांत भक्कम पर्याय वाटतो. पण तेथे ‘कोड तो कोडच’ असे समजून गेलेला माणूस पहिल्याच आठवड्यात अडखळतो. पीएलसी, म्हणजे कारखान्यातील यंत्रे चालवणारा छोटा संगणक, इनपुट वाचते, प्रोग्रॅम चालवते, आउटपुट लिहिते आणि हे चक्र सहसा काही मिलिसेकंदांत पुन्हा सुरू करते. सेन्सरचा सिग्नल येईपर्यंत थांबणारा लूप त्यात लिहिला, तर चक्र पूर्ण होत नाही, वॉचडॉग टायमर (चक्र वेळेत संपते का यावर नजर ठेवणारे घड्याळ) फॉल्ट देतो आणि साधारणपणे सीपीयू थांबतो. म्हणून थांबण्याची स्थिती एका व्हेरिएबलमध्ये ठेवून प्रत्येक चक्रात ती तपासावी लागते. आणखी एक गोष्ट अभियंत्यांच्या लक्षात येत नाही. स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही नेहमीच्या कोडसारखी लिहायची पीएलसीची भाषा आपल्याला जवळची वाटते म्हणून सगळा प्रोग्रॅम तिच्यात लिहिला, तर मध्यरात्री लाइन बंद पडल्यावर लॅडर (विद्युत आकृतीसारखी दिसणारी पीएलसीची भाषा) वाचण्याची सवय असलेल्या मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला दोष सापडत नाही. इंटरलॉक (ठरलेली अट पूर्ण नसल्यास यंत्र चालू न देणारी व्यवस्था) आणि मोटरचे तर्क लॅडरमध्ये ठेवावेत, आकडेमोड तेवढी टेक्स्टमध्ये करावी. चालू यंत्रावर प्रयोग करणे धोक्याचे असल्याने सुरुवातीचा सराव सिम्युलेटरवरच करावा.

शेतीसाठी ड्रोन चालवण्याचा विचार असेल, तर ड्रोन विकत घेण्याची घाई करू नये. आधी प्राधिकृत संस्थेतून प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलटचे प्रमाणपत्र मिळवावे.

नवे नियुक्तिपत्र हाती येण्याआधी राजीनामा देऊ नये. अनेक आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड ९० दिवसांचा असतो आणि लहान कारखाने तितके थांबत नाहीत, त्यामुळे रुजू होण्याची तारीख आधीच लेखी ठरवून घ्यावी. भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावी, कारण सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी ती काढल्यास सहसा कर लागतो.