कॉमिकमधलं पात्र बोलायच्या आधी ओळखू आलं पाहिजे

पहिल्या कॉमिकमध्ये मी जाम घोळ घातला होता, आजोबा कंजूष आहेत हे सांगायला सुनेच्या तोंडी तीन फुगे भरून डायलॉग टाकले आणि मित्र वाचून म्हणतो, यातले आजोबा कुठले? कारण एसटीतले सगळे म्हातारे एकाच साच्यातले काढलेले.

म्हणून आधी पात्राची नुसती काळी सावली काढून बघा. ओळखू येतंय? नसेल तर अंगकाठी, केस, उभं राहायची ढब बदला. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आठवा, चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, आणि तोंडातून एक शब्द नाही, तरी लांबून कळतो.

मग स्वभाव हाताला द्या. माझे आजोबा मी परत काढले ते असे: कंडक्टर सुट्टे पैसे देतो, मग तळहाताचा क्लोजअप, एक नाणं उलटं करून बघतायत, तिसऱ्या पॅनेलात, म्हणजे चित्राच्या चौकटीत, अर्धी एसटी रिकामी झालीये आणि हे अजून मोजतायत. मधला वेळ कुठेच काढलेला नाही, तो दोन पॅनेलांमधल्या गटरमध्ये, म्हणजे मधल्या मोकळ्या फटीत, वाचक स्वतः भरतो. आणि दहा पानांनी तोच तळहात, तोच अँगल, पॅनेलचा साइजही तोच, फक्त यावेळी न मोजता सगळी चिल्लर नातीच्या हातात. माणूस बदलला हे वेगळं लिहायची गरज नाही, पण पहिला तळहात आधी पेरलेला नसेल तर दुसऱ्याला काही वजन येत नाही.

छापील कॉमिक असेल तर धक्का डाव्या पानावर ठेवा, म्हणजे पान उलटेपर्यंत दिसत नाही. उजवीकडे ठेवलात तर आधीच नजर जाते आणि मजा गेली. मोबाइलवर स्क्रोल असेल तर धक्क्याआधी चांगली लांब मोकळी जागा सोडा.

आता फुगे, इथे मराठीवाले हमखास फसतात. इंग्रजीच्या हिशोबाने ओळी जवळजवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. मजकूर आधी लिहा, फुगा त्याच्याभोवती काढा, आणि आधी बोलणारा शक्यतो डावीकडे, नाहीतर प्रश्नाआधी उत्तर वाचलं जातं.

शेवटी सगळे फुगे कागदाने झाकून पान कोणालातरी दाखवा, गोष्ट कळली तर त्यातले निम्मे उडवा. माझ्या त्या पानावर एकच उरला, कंडक्टरचा: "पुढे सरका, पुढे सरका!"