फील्ड प्रोजेक्टचा विषय स्वतः ठरवायचाय? मग असं करा

एनईपी (नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण) आल्यापासून डिग्रीला फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट असतात, पण बरेच जण सरांनी दिलेला विषय घेऊन मोकळे होतात, मला मनापासून वाटतं की विषय आपलाच असावा. फक्त तो छोटा ठेवा. ‘गावातली पाणीटंचाई’ हा विषयच नाही, ‘आमच्या वाडीतल्या दहा विहिरींची पाणीपातळी, दर रविवारी’ हा विषय झाला. एका क्रेडिटला साधारण 30 तास धरतात, म्हणजे 2 क्रेडिटला 60, त्यात मोजणं, लोकांशी बोलणं, लिहिणं सगळं बसवायचं.

प्रपोजल एका पानाचं बास: प्रश्न काय, कुठे, कसं मोजणार, शेवटी काय देणार. त्यावर गाईडची सही घ्याच, नुसत्या तोंडी ‘हो’वर सुरू केलं आणि मधेच गाईड बदलले तर वांदे होतात. विहीरमालकांना पण आधी विचारा, आणि आकड्यांची एक प्रत त्यांना द्या, उन्हाळ्यात कामाची असते.

लॉगबुक त्याच दिवशी भरा, महिन्याभराने आठवून लिहिलेलं व्हायवात लगेच कळतं. रिझल्ट लागला की एबीसी खात्यात (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, आपले क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) क्रेडिट दिसतात का बघा, नसतील तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या.