सर्किट बोर्डवरून निखळलेला भाग कसा ओळखावा

दुरुस्तीसाठी उघडलेल्या बोर्डवर रिकामी जागा दिसली, की तिथला भाग गळून पडला असावा, अशी समजूत चटकन होते. प्रत्यक्षात अनेक उत्पादक एकच बोर्ड दोन-तीन मॉडेलांसाठी छापून घेतात आणि साध्या मॉडेलमध्ये काही जागा कारखान्यातच मोकळ्या ठेवतात. त्यामुळे ‘इथे काय होते?’ या प्रश्नाआधी ‘इथे काही होते का?’ याचे उत्तर मिळवावे.

हात लावण्यापूर्वी उपकरणाची पिन सॉकेटमधून काढावी. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या एसएमपीएसमध्ये (स्विच मोड पॉवर सप्लायमध्ये) मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि पिन काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. काही किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी जोडून तो कपॅसिटर रिकामा करावा आणि मीटरने खात्री करूनच पुढे जावे.

आता भिंगातून रिकाम्या जागेची दोन्ही पॅड, म्हणजे भाग सोल्डर करण्यासाठी ठेवलेले तांब्याचे तुकडे, पाहावीत. कारखान्यापासून मोकळ्या असलेल्या पॅडवरचे सोल्डर गुळगुळीत आणि दोन्हीकडे सारखे दिसते. भाग तुटून गेला असेल, तर सोल्डर खडबडीत व निस्तेज असते, त्यात भागाच्या टोकाचा ठसा राहतो आणि कधी कधी तांब्याचे पॅडच उचकटलेले आढळते. सभोवती तपकिरी राळ चिकटलेली असेल, तर आधी कोणीतरी तिथे सोल्डरिंग केले आहे, असे समजावे आणि ग्राहकाला तसे विचारावे. भाग निखळल्याचे दिसत असेल, तर कॅबिनेट पांढऱ्या कागदावर हलकेच झटकून पाहावे, कारण निखळलेला भाग पुष्कळदा आतच सापडतो.

तो न सापडल्यास बोर्डवरची अक्षरे वाचावीत. ‘आर’ म्हणजे रेझिस्टर, ‘सी’ कपॅसिटर, ‘एल’ कॉइल, ‘डी’ डायोड, ‘क्यू’ ट्रान्झिस्टर, ‘एफ’ फ्यूज आणि ‘एफबी’ फेराइट बीड. अक्षरावरून प्रकार कळतो, किंमत (म्हणजे किती ओहम किंवा फॅरड) नाही. पॅडच्या मापावरून आकार ठरवता येतो. उदाहरणार्थ, ०६०३ आकाराचा भाग १.६ मिलिमीटर लांब व ०.८ मिलिमीटर रुंद असतो.

खरी ओळख मात्र शेजाऱ्यांवरून पटते. प्रत्येक पॅडपासून निघालेला ट्रॅक, म्हणजे बोर्डवरची तांब्याची रेघ, कुठे जातो, हे मीटर कंटिन्युइटीवर (दोन बिंदू जोडलेले आहेत का हे दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून शोधावे आणि कागदावर लहानसे चित्र काढत जावे. हे काम कंटाळवाणे असले, तरी त्याला पर्याय नाही. एक पॅड ग्राउंडला आणि दुसरे आयसीच्या सप्लाय पिनला जात असेल, तर तिथे बहुधा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. क्रिस्टलच्या पायापासून ग्राउंडकडे जाणारा कपॅसिटर साधारण १० ते ३३ पिकोफॅरडचा असतो. सप्लायच्या वाटेतच दोन पॅड आडवी येत असतील, तर फ्यूज, फेराइट बीड किंवा अगदी कमी ओहमचा रेझिस्टर असण्याची शक्यता अधिक. फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटचे व्होल्टेज मोजून ते स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या जागी मात्र अंदाज चालत नाही, तिथे गणितच करावे लागते. टीएल ४३१ हा आयसी आपल्या रेफरन्स पिनवर सुमारे २.५ व्होल्ट राखतो. म्हणून त्याच्या साहाय्याने ५ व्होल्टचे आउटपुट नियंत्रित होत असेल, तर त्या पिनवर येणाऱ्या जोडीतले दोन्ही रेझिस्टर सारख्या किमतीचे असावे लागतात. खालचा (ग्राउंडकडचा) ‘१०३’ छापलेला, म्हणजे १० किलोओहमचा असेल, तर वरचा (आउटपुटकडचा) हरवलेलाही तेवढाच असणार. आउटपुट १२ व्होल्टचे असेल, तर तो सुमारे ३८ किलोओहम येतो.

यानंतर ताडून पाहावे. स्टीरिओ अँप्लिफायरमध्ये डावी आणि उजवी वाहिनी बहुधा एकसारखी असते, त्यामुळे गणेशोत्सवाआधी मंडळांचे अँप्लिफायर दुरुस्तीला येतात तेव्हा धड असलेली वाहिनी हाच सर्वांत भरवशाचा नकाशा ठरतो. इतर बोर्डांसाठी मुख्य आयसीच्या डेटाशीटमधले (उत्पादकाच्या माहितीपत्रकातले) नमुना सर्किट पाहावे किंवा त्याच क्रमांकाचा दुसरा बोर्ड मिळवावा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत भाग आणायला जाताना बोर्ड किंवा त्याचा स्पष्ट फोटो आणि आपण काढलेले चित्र सोबत न्यावे. नुसते ‘छोटा कपॅसिटर द्या’ म्हटल्याने किंमत, व्होल्टेज आणि आकार यांपैकी काहीच ठरत नाही.

एका जागी अजिबात तडजोड करू नये. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी (घरच्या पुरवठ्याकडच्या) आणि सेकंडरी (आउटपुटकडच्या) बाजूंना जोडणाऱ्या वाय कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर लावल्यास तो शॉर्ट झाल्यावर घरचा पुरवठा थेट आउटपुटच्या तारेवर येऊ शकतो. तिथे वाय वर्गाची छपाई असलेलाच भाग बसवावा.

भाग बसवल्यावर पहिला पुरवठा ६० वॅटच्या फिलामेंट बल्बमधून, सिरीजमध्ये द्यावा. बल्ब क्षणभर चमकून मंदावला किंवा विझला, तर आउटपुटचे व्होल्टेज मोजावे. तो प्रखर पेटून राहिला, तर लगेच पुरवठा तोडून शॉर्ट शोधायला लागावे.