स्पोर्टी गाडी घरच्या घरी रिपेरी करताय? मी केलेल्या या चुका टाळा

माझी फोक्सवॅगन पोलो, २०२० ची, १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल. इंजिन ९९९ सीसीचंच खरं ११० पीएस पॉवर, त्यामुळं घाटात मजा आणते. मागच्या पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलो, कणकुंबी जांबोटी करत बेळगावात अनगोळला पोचेपर्यंत गाडी तांबड्या चिखलानं अशी माखलेली की मूळ रंग कुठला ते कळेना, आणि शेजाऱ्यांचा प्रेशर वॉशर आयता मिळाला म्हणून म्हटलं बोनेट उघडून इंजिनपण धुवून काढू. गल्लीतले काका गेटातनंच ओरडले, "काय करूलालास रे, इंजिनात पाणी?" मी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट केली तर गाडी रिक्षासारखी थरथरायला लागली, तरी तशीच काढली आणि तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ इंजिनचा पिवळा लाइट ब्लिंक व्हायला लागला.

इथं पहिली चूक समजून घ्या. हा लाइट नुसता पेटून राहिला तर बाकी कुठला लाल लाइट नसेल आणि टेंपरेचर ठीक असेल तर हळूहळू गॅरेजपर्यंत नेता येते, खरं ब्लिंक होत असेल तर जोरात मिसफायर चाललाय (सिलिंडरात पेट्रोल नीट जळत नाही), न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जातंय आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून बाद होऊ शकतो. बाजूला घ्या, बंद करा. "घर जवळच हाय, जाऊ की" असं म्हणू नका, मी म्हटलेलं.

घरी आल्यावर गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावला, कोड आला पी०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर. बहुतेक जण इथंच दुसरी चूक करतात, कोड बघितला की लगेच ऑनलाइन नवीन कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) ऑर्डर. थांबा की जरा. कोड सांगतो सिलिंडर कुठला, पार्ट कुठला ते सांगत नाही. दोन नंबरची कॉइल काढून तीनला लावा, तीनची दोनला, कोड डिलीट करून परत चालू करा. पी०३०३ आला तर कॉइल गेलीय, पी०३०२ च राहिला तर प्लग बघा, मग इंजेक्टर. फुकटातली टेस्ट आहे. माझ्या केसमध्ये कॉइल ओढून काढली तर रबराच्या नळीवर पाण्याचे थेंब आणि खाली प्लगच्या खड्ड्यात चमचाभर गढूळ पाणी. असं दिसलं तर प्लग लगेच खोलू नका हां, आधी हवा मारून खड्डा कोरडा करा, नाहीतर ती सगळी माती सरळ सिलिंडरमध्ये. आणि प्लग परत बसवताना हातानं फिरवत न्या, शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे मोजून आवळणारा पाना. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतंय, आटे गेले की प्लगच्या किमतीत भागत नाही. सुकवून बसवल्यावर गाडी नीट चालली, काकांना अजून सांगितलं नाही.

जॅक. अंगणात आपल्याकडं तांबडी माती, पावसात जॅक हळूच खाली रुततो, म्हणून खाली जाड लाकडी फळी पाहिजे, आणि गाडीखाली जायचं असेल तर घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय अजिबात नाही, दोन मिनिटाचं काम असलं तरी नाही. चाकाला पोलोत नट नसतात, बोल्ट असतात, टॉर्क १२० न्यूटन मीटर. गॅरेजवाले गननं इतकं आवळतात की पंक्चरच्या वेळी रस्त्यावर पाना वाकतो.

ऑइलमध्ये लोक फक्त ५डब्ल्यू-३० की ५डब्ल्यू-४० एवढंच भांडतात. तो नुसता जाडीचा नंबर झाला. मॅन्युअलमध्ये कंपनीचा स्पेक नंबर दिलेला असतो तोच डब्यावर छापलेला आहे का बघा, टर्बोला ते महत्त्वाचं. आणि "जरा जास्तच असू दे" म्हणून मॅक्सच्या वर भरू नका, क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. सकाळी थंड इंजिनवर रेव्ह मारणं पण बंद करा, कूलंट गरम झालं म्हणजे ऑइल गरम झालं असं नसतंय. घाट जोरात चढून आलात तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर निवांत चालवा, टर्बो थंड होतो.

कूलंट कमी झालं की विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी ओतणारे अजून आहेत. क्षार साठतात, नका ओतू.

ब्रेक फ्लुइडकडं तर कुणीच बघत नाही. ते हवेतली ओल शोषतं, आणि खानापूर-बेळगावच्या पावसात भिंतींना ओल येते तिथं फ्लुइडचं काय घेऊन बसलाय. नवीन डॉट ४ किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. चोर्ल्यात गोव्याकडं उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवलात आणि पेडल स्पंजसारखं मऊ लागलं तर हेच. दर दोन वर्षांनी बदला, आणि उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर या.

गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगबद्दल एकच सांगतो, आपल्याकडं प्रत्येक गावाच्या तोंडाशी न रंगवलेला हंप असतो.

शेवटचं, सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी. पुण्या-कोल्हापुरातनं एमएच पासिंगची गाडी स्वस्त दिसते म्हणून आणतात आणि वर्षानुवर्षं तशीच बेळगावात फिरवतात. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स भारी पडतो, तो किमतीत धरूनच भाव करा, आणि टायरवरचा चार आकडी कोड वाचायला विसरू नका, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. आरटीओची एनओसी हातात पडेपर्यंत सगळे पैसे देऊ नका.